अडुसष्टचा डबा

धाकटी उजाडताना तळ्यावर आली तेव्हा मासे तोंडं वर काढून हवा गिळत होते. सगळं पाणी तोंडांनी भरलेलं. उघडायची, मिटायची, उघडायची. पाणी घुसळणारा एरेटर मधोमध मेल्या बदकासारखा तरंगत होता, त्याची पाती थांबलेली. तिनं खाद्याचं घमेलं तिथंच टाकलं आणि ओरडली, "अहो, उठा! बंद पडलंय!"

धाकटा बनियनवरच पळत आला. आला तसा पाण्यात शिरला, छातीएवढ्या पाण्यात बादली बुडवून उंचावरून परत पाण्यात ओतू लागला. पाण्यात हवा मिसळायला माणसाच्या हातात तेवढंच असतं. धाकटीनं साडी खोचली आणि दुसरी बादली घेतली. दंड भरून आले, खांदे पेटले, तरी दोघं थांबले नाहीत. कडेला पहिले मासे पांढरं पोट वर करून लागू लागले.

मग थोरला आला. डिझेलचा पंप ओढत नव्हे, किल्ल्यांचा जुडगा घेऊन.

तो आधी डब्याकडं गेला. बांधावर लोखंडी खांबाला जाड प्लास्टिकचा राखी डबा ठोकलेला होता. एरेटरचं सगळं चालू-बंद त्यातून व्हायचं. डब्याला कुलूप, कुलपाची किल्ली थोरल्याच्या कमरेला. त्यानं डबा उघडला आणि आत बोट घातलं. बोट ओलं निघालं. तळाशी वाटीभर पाणी, आणि वर विजेचा खटका गंजून हिरवा पडलेला.

"घातलं," तो म्हणाला. "पुन्हा कुणीतरी पाणी घातलं."

सासरे मागून काठी टेकत आले होते. "अरे, आधी मासे बघ."

"मासे मेलेच आहेत तात्या. आता मारणारा बघू."

म्हाताऱ्यानंच शेवटी शेजारच्या मळ्यातून पंप आणवला. निम्मे मासे वाचले. उरलेले दुपारपर्यंत खड्ड्यात पुरले, आणि पुरायचं काम अर्थातच धाकट्यानं आणि धाकटीनं केलं. थोरला त्या वेळी डब्याभोवती जमिनीवर पावलं शोधत होता. पावलं सापडली. सगळी घरातल्याच माणसांची होती, कारण त्या बांधावरून दुसरं कोण जाणार? पण संशयी माणसाला सापडलेलं पाऊल पुरतं, ते कशासाठी पडलं हे तो विचारत नाही.

थोरल्याला लोक पाठीमागं 'कुलूप' म्हणायचे. खाद्याच्या खोलीला कुलूप, जाळ्यांच्या पेटीला कुलूप, होडी खांबाला साखळीनं बांधून साखळीला कुलूप. एकदा जाळी ओढणाऱ्यांच्या मुकादमानं विचारलं होतं, "दादा, तळ्याला कडी कुठं बसवायची?" सगळे हसले. थोरला हसला नाही. तो कदाचित खरंच विचार करत असेल.

तो धाकटीशी सरळ कधी बोलत नसे. ती समोर उभी असली तरी धाकट्याला म्हणायचा, "तिला सांग, खाद्य कमी टाक." ती ऐकायची, तरी धाकटा मान वळवून पुन्हा सांगायचा, "खाद्य कमी टाक." लग्न होऊन आल्यापासून हे असंच. पहिल्यांदा तिला हसू आलं होतं. आता नुसतं कानशील तापायचं.

हा डबा आणला त्या दिवशी ती बाजारात बरोबर होती. जुना पत्र्याचा डबा गंजून गळायला लागला होता, म्हणून दोघे भाऊ नवा घ्यायला गेले आणि तिला पिशव्या धरायला घेतलं. दुकानदार म्हातारा, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यानं काउंटरवर चार डबे मांडले.

"प्रत्येक डब्यावर दोन आकडे असतात," तो म्हणाला. "पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. तुमचा डबा बसणार कुठं?"

"तळ्यावर," थोरला म्हणाला.

"तळ्यावर म्हणजे तळ्यात, का तळ्याच्या काठावर?"

"काठावर. खांबाला."

"वर छप्पर?"

"घालू," धाकटा म्हणाला. "पत्र्याचा तुकडा आहे घरी."

"मग हा पाच-पाच, पंचावन्न घ्या. पाऊस लागला, पाण्याची धार लागली, तरी आत जात नाही. आणि खाली हे बूच बघा. आत दव धरलं तर खालून गळून जातं."

थोरल्यानं बुचाकडं बघितलं जसं कुणी आजारी वासराकडं बघतं. "भोक असलेला डबा विकतोस होय मला? हा काय आहे?"

"हा अडुसष्ट. पाण्याखाली बुडवून ठेवायचा असेल त्याच्यासाठी. तुम्हाला काय करायचाय?"

"म्हणजे सगळ्यात भारी."

"भारी-हलका असं नसतं दादा. पाण्यात बुडायचा त्याला बुडायचा डबा, उन्हात राहायचा त्याला उन्हातला. हा एकदा बंद केला की आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. उन्हात तापणार, संध्याकाळी निवणार, आतल्या हवेनं जायचं कुठं?"

धाकटा काउंटरवर ओणवा होऊन दुकानदाराला हळूच काहीतरी विचारत होता. थोरल्यानं ते बघितलं. ते बघितलं आणि त्याचं ठरलं. "कुजबुज कसली चाललीय? पडून राहिलेला माल माझ्या गळ्यात मारायचाय. अडुसष्टच दे. ज्यात कुणालाच शिरता येणार नाही असा."

दुकानदारानं चष्मा वर केला. "पाण्याला म्हणताय, का माणसांना?"

पाणी शिरू नये म्हणून घेतलेल्या त्या डब्यात पाणी निघालं. आधी एकदा थोडं निघालं होतं, तेव्हा खटका बदलून भागलं. आणि आता मासे मेले.

संध्याकाळी थोरल्यानं नवा खटका बसवला, डबा लावला आणि थोरलीला हाक मारली. "तुझं ते नखांना लावायचं आण."

थोरली दारातच थबकली. "कशाला?"

"आण म्हटलं तर आण."

तिनं लाल नेलपॉलिशची बाटली आणून दिली. भावाच्या लग्नात घेतलेली, जपून जपून वापरलेली. थोरल्यानं डब्याच्या प्रत्येक स्क्रूवर लाल ठिपका ठेवला, अर्धा स्क्रूवर, अर्धा डब्यावर. कुणी स्क्रू फिरवला तर ठिपका तुटणार. फुंकर मारून वाळवला. मग बाटली थोरलीला परत न देता स्वतःच्या खिशात घातली.

"ती माझी आहे," थोरली म्हणाली.

"म्हणूनच माझ्याकडं राहू दे."

थोरलीनं धाकटीकडं बघितलं. दोघी जावांमध्ये फार प्रेम होतं असं नाही, पण त्या क्षणी दोघींच्या तोंडात एकच शिवी आली असणार. आली आणि गिळली गेली. बायकांच्या पोटात गिळलेल्या शिव्यांचं तळं असतं, त्यात मासे वाढत नाहीत एवढंच.

नंतरचे दिवस ढगाळ, कुबट. वारा नाही. असल्या हवेत तळ्याचं पाणी जड होतं, एरेटर रात्रभर फिरायलाच हवा. धाकटी रोज उजाडताना उठून आधी कान देई. घरघर ऐकू आली की मग पाय जमिनीवर ठेवी. खाद्य भिजवायचं, पाट्या वाहायच्या, पिल्लांच्या टाक्या धुवायच्या, मेलेलं उचलायचं. हाताच्या बोटांमधली कातडी पाण्यानं पांढरी पडून सोलायला लागली होती. आणि या सगळ्यात डोळा त्या लाल ठिपक्यांवर. ती आता बांधावरून जाताना डब्यापासून हातभर लांबून जाई, हात पदराखाली धरून. चोरी न केलेलं माणूस चोरासारखं चालायला लागतं तेव्हा समजावं, संशय कामाला लागला.

एका दुपारी ती टाक्यांकडून येत होती. धाकटा डब्याखाली बसला होता. उकिडवा, मान वर, हातात ड्रिल. मेन खटका पाडलेला. डब्याच्या बुडाशी त्यानं ड्रिल टेकवलं, घर्र झालं आणि प्लास्टिकचा राखी भुगा त्याच्या कपाळावर पडला.

"काय करताय?"

तो दचकला. ड्रिल पायामागं लपवलं.

"काही नाही. गांधीलमाशीचं घर होतं खाली."

"ड्रिलनं काढता?"

"तू जा. टाक्या झाल्या का?"

ती गेली. पण चालताना तिच्या डोक्यात ते भोक पडतच राहिलं. हा माणूस तिचा नवरा. मुंगी पायाखाली आली तर पाय उचलणारा. पण बाजारात दादानं त्याला दुकानदारासमोर गप्प केलं होतं. पंचावन्न घ्या म्हणाला तर ऐकलं नव्हतं. स्वतःचं खरं करून दाखवायला माणूस काय काय करतो! अडुसष्टचा डबा फसला की दादा तोंडावर पडणार. त्यासाठी हा आत पाणी जाऊ देत असेल? मासे मारत असेल? तिनं विचार झटकला. झटकला तसा तो पुन्हा येऊन बसला. रात्री जेवताना ती त्याच्या हातांकडं बघत राहिली.

"काय बघतेस?" त्यानं विचारलं.

"काही नाही."

आता दोघांकडंही एकेक 'काही नाही' झालं.

एरेटर मात्र नीट चालला. ऊन पडलं, सरी आल्या, पुन्हा ऊन पडलं, तरी बंद पडला नाही. मासे खायला वर येत होते, पाठी रुंद झाल्या होत्या. एका सकाळी जाळीवाल्यांचा मुकादम त्याच्या माणसांना घेऊन मासे बघायला आला. छोटं जाळं टाकून चार मासे काढले, हातात तोलले. "दादा, अजून थोडं थांबा. पुढच्या फेरीला ओढू."

थोरला खूश झाला. खुशीत त्यानं सगळ्यांसमोर डबा उघडून दाखवायचं ठरवलं. ठिपके दाखवले. "एक तुटलेला नाही बघा. माझी नजर असली की कुणाची माय व्यालीय हात लावायची!" स्क्रू काढले. आत कोरडं खडखडीत.

"बघितलं? पहारा ठेवला की पाणी येत नाही." तो बोट फिरवत गेला. बुडाशी बोट थांबलं. काडीच्या टोकाएवढं भोक. त्यानं खाली वाकून बघितलं, वर बघितलं, आणि मग सावकाश भावाकडं बघितलं.

"हे कुणी पाडलं?"

जाळीवाल्यांतला एकजण खोकला.

"मी," धाकटा म्हणाला.

"का?"

"पाणी बाहेर जावं म्हणून."

"पाणी बाहेर जायला भोक?" थोरला जाळीवाल्यांकडं वळला, जसा तमाशातला माणूस लोकांकडं वळतो. "ऐकलं का? मी एवढा डबा आणला, आणि हा खालून भोक पाडतो, पाणी *जावं* म्हणून! भोकातून पाणी जातं का येतं रे? बालवाडीतलं पोर सांगेल!"

"दादा, खालून कसं येईल? त्या दिवसापासून डबा कोरडा आहे, बघा की."

"कोरडा आहे कारण अजून तुला जमलं नाही! पिचकारी मारायची ना इथून?" थोरल्याचा आवाज फाटला. "आणि एकट्यानं नाही. तिला विचार, ती इथं काय बघत फिरते रोज."

मुकादम म्हणाला, "दादा, घरातलं घरात बघा." पण त्याचे डोळे धाकटीवर होते, आणि त्याच्या माणसांचेही. सासऱ्यांनी काठीचं टोक मातीत रुतवलं आणि काढलं, रुतवलं आणि काढलं. थोरली घराच्या दारातून आत गेली. एवढ्या माणसांत धाकटीच्या बाजूनं एक शब्द पडला नाही. आणि तिचं सगळ्यात मोठं दुखणं हे होतं की तिच्याकडंही नवऱ्याच्या बाजूचा शब्द तयार नव्हता.

थोरल्यानं एम-सील मळलं, भोक आतून-बाहेरून बुजवलं, अंगठ्यानं दाबून दाबून. ठिपके नव्यानं लावले. मग म्हणाला, "तात्यांसमोर सांगतो. आता जर या डब्यात पाणी निघालं, तर तुम्ही दोघांनी तळं सोडायचं. कुठंही जा, कामं करा. मी माणूस ठेवतो."

"तात्या?" धाकटा म्हणाला.

सासरे म्हणाले, "तसं व्हायचं नाही." म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्या रात्री तिनं नवऱ्याकडं पाठ केली. सकाळी पिल्लांच्या टाक्यांवर गेली तर एक टाकी बोटभर खाली गेलेली. खालची फरशी ओली, पिल्लं तळाशी दाटलेली. तिनं टाकी चहूबाजूंनी चाचपली. चीर नाही, बूच घट्ट. मग दिसलं. काल पुसायला घेतलेलं फडकं टाकीच्या काठावर राहिलं होतं. एक टोक पाण्यात, दुसरं बाहेर लोंबतं. बाहेरच्या टोकातून थेंब, थेंब, थेंब. पाणी काठ चढून, फडक्यातून चालत बाहेर आलं होतं.

तिनं फडकं पिळलं. परत काठावर टाकलं. उभी राहून बघत बसली. थोड्या वेळानं परत थेंब.

मग ती हातातलं काम टाकून तळ्याकडं निघाली. डब्यातून जाड काळी वायर खाली येत होती, बांध उतरून पाण्यात गेली होती, थेट एरेटरपर्यंत. तिथं तिचा सांधा टेपनं गुंडाळलेला, पाण्यात बुडून. तिनं मेन खटका पाडला आणि पाण्यात उतरली. सांधा हातात घेतला, टेप सैल झालेली. आत तांब्याच्या केसासारख्या तारा. एकमेकींना चिकटलेल्या, पण केसांत पाणी राहतंच की.

धाकटा काठावर आला. "काय करतेस पाण्यात? बाहेर ये, दादा बघेल."

"बघू दे. ही वायर आतून भरीव आहे का?"

"नाही. बारक्या तारांचा झुपका असतो, वर रबर."

"म्हणजे फडक्यासारखं."

त्याला कळलं नाही. तिनं त्याला टाकीपाशी नेलं, फडकं दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग कपाळाला हात लावला. "डबा तापतो तेव्हा आतली हवा फुगते. निवला की ओढतो. म्हातारा दुकानदार तेच म्हणत होता, हवेनं जायचं कुठं. डबा इतका घट्ट, की ओढायला त्याला दुसरी वाट नाही. वायरीतून ओढतो! तळ्यातनं! मी भोक पाडलं, हवेला वाट झाली, म्हणून ओढायचं थांबलं." तो हसला, पण मग तिच्याकडं बघून हसू उतरलं. "तुला वाटलं होतं मीच…"

तिनं खोटं बोलायचं ठरवलं होतं. जमलं नाही. "हो. वाटलं."

त्यानं फडकं उचललं, पिळलं, दोरीवर घातलं. "माझ्याकडं बघायचीस ना जेवताना, तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला.

"मग सांगितलं का नाही?"

"तूही विचारलं नाहीस."

त्या दिवशी उन्हं तळपत होती. धाकटी घरासमोर ओट्यावर थोरल्यापुढं उभी राहिली. मध्ये नवरा नाही, सरळ.

"दादा, तुमच्या हातानं डबा उघडा. तुमच्या हातानं आत कापूस बांधा. झाकणाच्या कडेला बांधा, वायर शिरते तिथं रबराला बांधा, बुजवलेल्या भोकावर बांधा. आणि वायरीच्या तारा खटक्यातून सोडवून त्यांच्या टोकालाही बांधा. दिवसा एरेटर लागत नाही. संध्याकाळी तुम्हीच उघडा. जो कापूस ओला, तिथून पाणी येतं. आम्ही दोघं तात्यांजवळ बसतो, दिवसभर हलत नाही."

थोरल्यानं धाकट्याकडं बघितलं. "तिला सांग—"

"मला ऐकू येतं दादा."

सासरे म्हणाले, "कर. कापसानं काय झिजणार आहे?"

थोरल्यानं केलं, पण प्रत्येक कापूस बांधताना वळून मागं बघत होता. ठिपके लावले. दोघं ओट्यावर बसली. माशांना खाद्य थोरलीनं टाकलं. दुपार डब्यावर पडली, प्लास्टिक हात लावू देईना. थोरला बांधावर झाडाखाली बसून डब्याकडं बघत राहिला, माणूस परीक्षेला बसलेल्या पोराकडं बघतो तसा. उन्हं कलली तशी एक सर आली, थंड, जोरात, आणि निघून गेली. डबा निवला.

थोरल्यानं ठिपके तपासले. स्क्रू काढले. झाकणाचा कापूस कोरडा. रबराचा कोरडा. भोकाचा कोरडा. तारांच्या टोकांचा कापूस काळसर, जड झालेला. त्यानं तो दोन बोटांत धरून दाबला. पाणी आलं. वास घेतला. शेवाळाचा वास.

धाकटी वाट बघत होती. खूप काही नको होतं तिला. 'चुकलं' एवढं पुरलं असतं.

"हे हिला कसं कळलं?" थोरला म्हणाला.

"काय?"

"पाणी वायरीतून येतं हे. आम्ही दोघं भाऊ इतकी वर्षं वायरी लावतो, आम्हाला नाही कळलं. हिला बरं कळलं?" त्यानं कापूस जमिनीवर टाकला. "म्हणजे हिला आधीच ठाऊक होतं. ठाऊक होतं आणि मासे मरू दिले."

थोरली दारात होती. तिथूनच म्हणाली, "अहो, आता तरी पुरे करा." थोरल्यानं तिच्याकडंही तसंच बघितलं, जणू ती बाटली परत मागायला आली होती.

सासऱ्यांनी एवढंच केलं: दुसऱ्या दिवशी पंचावन्नचा डबा आणायला लावला, बूचवाला, वर पत्र्याचं छप्पर. धाकट्यानं वायरीचा सांधा पाण्याबाहेर काढून एरेटरच्या तरंगत्या ड्रमवर उंच बांधला. एरेटर नीट चालू लागला. तळं सोडायचं कुणी पुन्हा काढलं नाही. पण डब्याची किल्ली थोरल्याच्याच कमरेला राहिली, आणि धाकटीशी बोलायचं असलं की तो अजून धाकट्याकडंच वळे. गावात मुकादम बोलला होता. पाणी भरायला गेली की बायका बाजूला सरकायच्या, फार नाही, बादलीभर. माणूस निर्दोष ठरलं तरी त्याच्यावर बोललेलं लोकांच्या तोंडात उरतं, दातात अडकलेल्या तुकड्यासारखं, आणि ते काढायला कुणाला घाई नसते.

मासे ओढायचा दिवस आला. मोठं जाळं तळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडं न्यायचं, सगळे पाण्यात. एका बाजूची दोरी धाकट्याकडं, दुसऱ्या बाजूची धाकटीकडं, मध्ये मुकादमाची माणसं तळ दाबत चाललेली. थोरला बांधावर टोपल्या घेऊन. निम्मं तळं ओढून झालं तसं जाळ्यात मासे उसळायला लागले. पाणी उकळल्यासारखं. एक मोठा मासा धाकटीच्या मांडीवर आपटला, ती हलली नाही.

मुकादम चिखलातून पाय काढत ओरडला, "दादा! माल चांगला आहे हो! मग सापडला का शेवटी डब्यात पाणी घालणारा?"

थोरल्यानं टोपली सरळ केली. "अजून नाही," तो म्हणाला.

धाकटी थांबली. दोरी तिच्या मुठीत होती. छातीएवढं पाणी, पायाखाली सरकता गाळ. तिच्या बाजूनं जाळं ढिलं पडलं असतं तर सगळे मासे तिच्या बगलेखालून निसटले असते, वर्षाचं सगळं.

"सापडला," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "सापडलाय! दादांनी स्वतः कापूस पिळून बघितलाय. सांगा दादा, कुठून आलं पाणी ते."

"काम कर," थोरला धाकट्याकडं बघून म्हणाला. "तिला सांग, जाळं धर."

"धरलंय. तुम्ही सांगा. नाहीतर सोडते."

मुकादमाची माणसं जागच्या जागी उभी राहिली. एकाच्या तोंडात बिडी तशीच लोंबली. "सोडू नकोस बाई," मुकादम हळूच म्हणाला.

थोरला बांधावरून खाली आला, पाण्याच्या कडेपर्यंत. "बघितलं तात्या? बघितलं हिची—"

तात्या टोपल्यांपाशी बसले होते. ते थोरल्याकडं बघत नव्हते, जाळ्याकडं बघत होते.

तेवढ्यात पलीकडून, तळ्याच्या दुसऱ्या काठाजवळून, धाकट्याचा आवाज आला. तो कधी मोठ्यानं बोलत नसे, म्हणून सगळ्यांना आधी कळलंच नाही कोण बोलतंय.

"दादा, मीही सोडतो."

त्यानं दोरी मुठीत वर धरली होती, बोटं उघडायला तयार. जाळ्यात मासे धडपडत होते. धाकटीनं नवऱ्याकडं बघितलं. तो तिच्याकडं बघत नव्हता, भावाकडं बघत होता, आणि त्याचा हात खाली येत नव्हता.

"वायरीतून," थोरला म्हणाला.

"ऐकू नाही आलं दादा," मुकादमाचा एकजण म्हणाला, आणि कुणीतरी फिस्सकन हसलं.

"वायरीतून आलं! तळ्यातलंच पाणी, वायरीतून! डबा मी आणला होता, भोक मी बुजवलं होतं. झालं?" त्याचं तोंड लाल झालं होतं. तो वळला आणि लगेच परत फिरला. "पण ती वायर दुकानदारानं मुद्दाम तसली दिली! त्याला मी बघतो!"

आता सगळेच हसले. मुकादम तर पाण्यात बसायचा राहिला. थोरली बांधावर पदर तोंडाला लावून वळली, तिचे खांदे हलत होते.

धाकटी हसली नाही. तिनं दोरीला मनगटाभोवती एक वेढा घातला, गाळात पाय रोवला आणि पलीकडं बघून ओरडली, "ओढा!"

धाकट्यानं ओढलं. मुकादमाच्या माणसांनी ओढलं.